भुकेल्याच्या घरी जाणारा प्राध्यापक
धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम (१८१३–१८५३)



आपल्या पॅरिश कौन्सिलच्या मागच्या बैठकीत एक सूचना पुढे आली. आपली सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी दर महिन्याला काही कुटुंबांना तांदूळ, डाळ, तेल, साखर असा शिधा पोचवते. सभासद कामावरून थकूनभागून येतात आणि संध्याकाळी पिशव्या घेऊन घरोघर फिरतात. सूचना अशी होती की हा त्रास कशाला? महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर सर्वांना एकदम वाटप करावे. वेळ वाचेल, हिशेब चोख राहील आणि देणगीदारांना दाखवायला फोटोही मिळतील. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे. तोवर ही संस्था ज्याने सुरू केली त्या माणसाची ओळख आपण सर्वांनी करून घ्यावी, असे मला वाटले. संस्थेचे नाव आपल्या ओठांवर असते, पण तिच्या संस्थापकाचे नाव विचारले तर बरेच जण संत व्हिन्सेंट दी पॉल यांचेच नाव सांगतात. संत व्हिन्सेंट १६६० साली वारले. ही संस्था त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, एका वीस वर्षांच्या कॉलेज विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी सुरू केली. त्याचे नाव फ्रेडरिक ओझानाम. तो धर्मगुरू नव्हता. तो संसारी माणूस होता, एका मुलीचा बाप होता आणि पेशाने प्राध्यापक होता.

फ्रेडरिकचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी झाला. तेव्हा मिलान नेपोलियनच्या सत्तेखाली होते. त्याचे वडील पूर्वी नेपोलियनच्या सैन्यात होते, पुढे ते डॉक्टर झाले. १८१६ साली हे कुटुंब फ्रान्समधील लिओं शहरात परतले. आईवडिलांना चौदा मुले झाली, पण मोठी होऊन संसाराला किंवा सेवेला लागली ती तिघेच. एक भाऊ धर्मगुरू झाला, एक डॉक्टर आणि एक आपला फ्रेडरिक. इतकी बाळे पुरणाऱ्या त्या घरात दुःख कमी नव्हते, पण ते दुःख दार लावून बसले नाही. वडील लिओंच्या मोठ्या धर्मादाय इस्पितळात काम करीत आणि गरिबांना फुकट तपासायला त्यांच्या घरी जात. आईही आजारी गरिबांची सेवा करी. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. वय झाल्यावर दोघांनी एकमेकांना वचन दिले होते की आता चौथ्या मजल्याच्या वर चढायचे नाही. कारण गरिबांची बिऱ्हाडे नेहमी सर्वांत वरच्या मजल्यावर, पोटमाळ्यावर असत. एक दिवस दोघेही एकमेकांना चोरून वर गेले आणि एकाच आजाऱ्याच्या घरी समोरासमोर आले! पुढे १८३७ साली एका गरीब रुग्णाला पाहायला गेले असताना डॉक्टर ओझानाम जिन्यावरून पडले आणि त्यातच वारले. मुलाने गरिबांच्या जिन्याची वाट पुस्तकातून शिकली नाही, ती त्याने आपल्या घरातच पाहिली.

लिओं हे त्या काळी युरोपातील रेशमाची राजधानी होते. राजघराण्यांचे पोशाख, मोठ्या चर्चमधील झगे, श्रीमंतांच्या घरचे पडदे लिओंच्या मागांवर विणले जात. शहरात पैसा वाहत होता. पण क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर, जिथे विणकरांची वस्ती होती, तिथे वेगळे चित्र होते. विणकराचा माग त्याच्या राहत्या खोलीतच असे. हा माग इतका उंच असे की त्याच्यासाठी घरांची छते मुद्दाम चार मीटरपर्यंत उंच बांधलेली असत. माणसे मात्र त्याच खोलीत, मागाच्या आजूबाजूला किंवा वर माळा करून झोपत. रेशीम आणि नक्षी व्यापारी देई, विणकर विणून देई आणि मोजमापावर मजुरी मिळे. व्यापाऱ्याने दर पाडला की विणकराच्या घरी पाव कमी होई. दिवसाला पंधरा-पंधरा तासांहून अधिक काम करूनही कुटुंबाचे पोट भरत नव्हते. राजाराण्यांना रेशीम नेसवणाऱ्या हातांना स्वतःच्या मुलांना पोटभर पाव देता येत नव्हता.

१८३१ साली विणकरांनी किमान दर ठरवून मागितला. सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने दर ठरलाही, पण अनेक व्यापाऱ्यांनी तो पाळायला नकार दिला. नोव्हेंबर महिन्यात विणकर रस्त्यावर उतरले आणि काही दिवस सारे शहर त्यांच्या ताब्यात होते. मग राजधानीतून फौज आली आणि तो दर रद्द झाला. १८३४ साली पुन्हा उठाव झाला आणि तो रक्तात बुडवला गेला. शेकडो माणसे मेली. फ्रेडरिक १८३१ च्या नोव्हेंबरातच, उठावाच्या थोडे आधी, कायद्याच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेला होता. आपल्या गावातील या घटना त्याच्या मनातून कधीच गेल्या नाहीत.

पॅरिसला जाण्यापूर्वी त्याच्या आयुष्यात आणखी एक वादळ येऊन गेले होते. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो श्रद्धेविषयीच्या संशयाने ग्रासला गेला. हा काळ त्याच्यासाठी फार यातनेचा होता. त्याला सावरले ते त्याच्या तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाने, फादर न्वारो यांनी. त्यांनी त्याला गप्प बसवले नाही, प्रश्न विचारल्याबद्दल रागावले नाहीत, उलट सोबत चालत चालत विचार करायला शिकवले. मी स्वतः सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, त्यामुळे ही गोष्ट मला विशेष जवळची वाटते. आपल्या घरातील तरुण मुलांनी प्रश्न विचारले की आपण घाबरतो. फ्रेडरिकचे प्रश्न कोणी दाबून टाकले असते, तर आज कदाचित ही संस्थाच नसती.

पॅरिसमध्ये तो आंद्रे-मारी ॲम्पिअर या थोर शास्त्रज्ञाच्या घरी राहिला. विजेचा प्रवाह आपण ज्या ॲम्पिअरमध्ये मोजतो, तेच हे गृहस्थ. एवढा मोठा विद्वान चर्चच्या कोपऱ्यात गुडघे टेकून रोजरी म्हणताना फ्रेडरिकने पाहिला आणि त्याच्या श्रद्धेला मोठा आधार मिळाला, असे सांगतात. विद्यापीठात मात्र वातावरण उलटे होते. धर्म म्हणजे जुन्या काळाची अडगळ, असे प्राध्यापक उघड उघड शिकवत. फ्रेडरिक आणि त्याचे मित्र एका चर्चामंडळात जमून या मतांना उत्तरे देत. बेली नावाचे एक वडीलधारे संपादक त्यांना जागा आणि सल्ला देत.

याच सुमारास, १८३२ साली, पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली. सुमारे अठरा हजार माणसे दगावली. सर्वांत जास्त मेले ते दाट वस्तीतले, ओल्या अंधाऱ्या खोल्यांतले, अर्धपोटी राहणारे लोक. राजवाड्यांच्या आणि नाटकगृहांच्या त्या शहरात भूक किती जवळ राहत होती, हे साथीने सर्वांना दाखवून दिले.

अशा वेळी चर्चामंडळात एका विरोधी मताच्या विद्यार्थ्याने फ्रेडरिकच्या गटाला खडा सवाल टाकला. ख्रिस्ती धर्माने पूर्वी पुष्कळ चांगले केले हे मान्य, पण आज तुम्ही स्वतः गरिबांसाठी काय करता? फ्रेडरिककडे उत्तर नव्हते. वादविवादात तो हुशार होता, इतिहासातील शंभर दाखले देऊ शकत होता, पण हा प्रश्न इतिहासाचा नव्हता. तो खजील झाला. राग न धरता त्याने मान्य केले की समोरचा बरोबर बोलतो आहे.

२३ एप्रिल १८३३ रोजी, फ्रेडरिकच्या विसाव्या वाढदिवशी, बेली यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत सात जण जमले. सहा विद्यार्थी आणि स्वतः बेली. त्यांनी ठरवले की दर आठवड्याला भेटायचे, प्रार्थना करायची, आपापसांत टोपी फिरवून वर्गणी गोळा करायची आणि गरिबांच्या घरी जायचे. पण कोणत्या घरी? ही सारी मध्यमवर्गीय मुले, त्यांना गरिबांचे पत्तेच ठाऊक नव्हते! म्हणून ती मूफ्तार नावाच्या अत्यंत गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडे गेली. या संत व्हिन्सेंटच्या कन्यांपैकी एक धर्मभगिनी होत्या. त्यांनी मुलांना कुटुंबांची यादी दिली, पाव आणि कोळशाच्या चिठ्ठ्या दिल्या. ही चिठ्ठी दाखवली की दुकानातून तेवढा पाव, तेवढे जळण मिळे. त्याबरोबरच गरिबाच्या घरी कसे वागावे हेही त्यांनी शिकवले. घाई करू नये, त्यांचे बोलणे ऐकून घ्यावे, त्यांच्या चुकांचा न्यायनिवाडा करायला बसू नये. या सिस्टर रोझाली यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ साली धन्यवादित घोषित केले.

संस्थेचे सारे वेगळेपण इथे आहे, म्हणून थोडे थांबून पाहू या. त्या काळी पॅरिसमध्ये गरिबांना मदत करणाऱ्या सोयी नव्हत्या असे नाही. सरकारी मदत कचेऱ्या होत्या, रांगा होत्या, नोंदवह्या होत्या. फ्रेडरिकला दिसले की रांगेत उभा केलेला माणूस पाव घेऊन जातो, पण मान खाली घालून जातो. मदत माणसाला खाली दाबू शकते आणि वरही उचलू शकते. घेणारा जेव्हा फक्त घेणाराच राहतो, तेव्हा मदत त्याला खाली दाबते. पण देणारा जेव्हा त्याच्या घरी जाऊन बसतो, त्याचा हात हातात घेतो, त्याच्या मुलाच्या शाळेची, आजारी आईची चौकशी करतो आणि आपणही त्याच्याकडून धीर, सहनशीलता, प्रार्थना शिकतो, तेव्हा देवाणघेवाण बरोबरीची होते. म्हणून घरभेट हा संस्थेचा पहिला नियम झाला. पाव हे त्या घरात जाण्याचे निमित्त होते. संत व्हिन्सेंट दी पॉल यांना त्यांनी १८३४ साली आपले आश्रयदाते संत म्हणून स्वीकारले.

सात जणांची ही संस्था झपाट्याने वाढली. १८३६ मध्ये ती रोमला पोचली, १८४४ मध्ये डब्लिन आणि लंडनला, १८४५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसला. आज ती सुमारे १५० देशांत आहे आणि त्या साखळीतील एक कडी आपल्या चर्चच्या मागील छोट्या खोलीत दर आठवड्याला जमते.

फ्रेडरिकने कायद्याची डॉक्टरेट घेतली, मग साहित्याची. इटालियन महाकवी दान्तेवर त्याने १८३९ साली प्रबंध लिहिला. त्याच वर्षी लिओंमध्ये तो व्यापारी कायद्याचा प्राध्यापक झाला. ज्या शहरात मजुरीच्या दरावरून रक्त सांडले होते, तिथल्या व्यापाऱ्यांच्या मुलांना त्याने मजुरी म्हणजे काय हे शिकवले. माणसाला यंत्राप्रमाणे वापरून कमीत कमी दरात काम करून घेणे हे शोषण आहे, हे त्याने वर्गात सांगितले. कामगाराच्या मजुरीत त्याचा चरितार्थ, मुलांचे शिक्षण आणि म्हातारपणाची सोय एवढे बसले पाहिजे, असे तो मांडत असे. पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हक्कांविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्रक १८९१ साली काढले. फ्रेडरिकची ही व्याख्याने त्याआधी पन्नास वर्षांची आहेत.

१८४० मध्ये एका अवघड स्पर्धा परीक्षेत तो पहिला आला आणि पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठात शिकवू लागला. १८४१ साली २३ जून रोजी त्याचे अमेली सुलाक्रुआ हिच्याशी लग्न झाले. दर महिन्याच्या २३ तारखेला तो पत्नीला फुले देत असे. चार वर्षांनी त्यांना मारी ही मुलगी झाली. संसार, अभ्यास, व्याख्याने या साऱ्यांतून गरिबांच्या घरी जाणे सुटले नाही. उत्पन्नाचा दहावा हिस्सा तो गरिबांसाठी बाजूला काढी.

चरित्रकार एक प्रसंग सांगतात. नववर्षाच्या दिवशी त्याला एका कुटुंबाची आठवण झाली. पूर्वी बऱ्या स्थितीत असलेल्या या लोकांनी आपले कपड्यांचे कपाट गहाण टाकले होते. चांगल्या दिवसांची तेवढीच एक खूण त्यांच्याकडे उरली होती. ते सोडवून द्यावे असे फ्रेडरिकच्या मनात आले. पत्नीने व्यवहाराच्या चार गोष्टी सांगितल्या, त्याही खोट्या नव्हत्या, आणि त्याने बेत सोडला. संध्याकाळी घरी आला तर मुलीपुढे भेटवस्तूंचा आणि खाऊचा ढीग पडलेला. त्याला घास गोड लागेना. त्याची अवस्था पाहून पत्नीनेच त्याला जायला सांगितले. तो उठला, कपाट सोडवून त्या घरी पोचते केले आणि मगच शांत मनाने घरी आला. बंधुभगिनींनो, कपाटाने कोणाचे पोट भरत नाही. पण गरिबालाही अब्रू असते, आठवणी असतात, हे त्याला उमगले होते.

१८४६-४७ मध्ये फ्रान्समध्ये पीक बुडाले. बटाट्यावर रोग पडला, गहू महागला, पाव मजुरांच्या आवाक्याबाहेर गेला. त्यापाठोपाठ १८४८ ची क्रांती झाली. बेकारांना काम देण्यासाठी काढलेल्या सरकारी कार्यशाळा जूनमध्ये बंद करण्याचे ठरले आणि पॅरिसच्या रस्त्यांवर कामगार आणि सैन्य यांच्यात चार दिवस लढाई झाली. फ्रेडरिक स्वतः नागरी रक्षकदलात पहाऱ्यावर होता. रक्तपात थांबावा म्हणून तो दोन मित्रांबरोबर पॅरिसचे महागुरुस्वामी आफ्र यांच्याकडे गेला आणि त्यांनी दोन्ही बाजूंमध्ये जाऊन शांततेचे आवाहन करावे अशी विनंती त्यांनी केली. महागुरुस्वामी २५ जून रोजी अडथळ्यांपाशी गेले. तिथे त्यांना गोळी लागली आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. आपल्या विनंतीवरून गेलेला मेंढपाळ परतला नाही, ही जखम फ्रेडरिकला जन्मभर राहिली असणार.

लढाई थांबली तेव्हा सुखवस्तू लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. फ्रेडरिक मात्र गप्प बसला नाही. फादर लाकोर्देर आणि फादर मारे यांच्याबरोबर त्याने त्याच वर्षी एक दैनिक सुरू केले होते. त्यातून त्याने लिहिले की दंगा मोडला, पण त्याचे मूळ असलेले दारिद्र्य तसेच आहे. कामगारांच्या वस्त्यांतील ओल्या खोल्या, बेकार हात, उपाशी मुले यांचे त्याने वर्णन केले, कारण तो तिथे दर आठवड्याला जात होता. गरीब आपल्या आळसाने आणि व्यसनानेच गरीब असतात, असे म्हणणाऱ्या धार्मिक मंडळींना त्याने सडेतोड उत्तर दिले. धर्मगुरूंनाही सोडले नाही. फक्त नेहमीच्या भाविकांत न राहता त्यांनी वस्त्यांत जावे, असे त्यांना सुनावले. दया आवश्यक आहे, कारण जखमेवर आज तेल घातलेच पाहिजे. पण वाटेवर लुटारू का बसतात हे पाहणे न्यायाचे काम आहे, आणि दया न्यायाची जागा घेऊ शकत नाही, हा त्याचा विचार होता. आपल्याच अनेक लोकांना हे रुचले नाही. त्याच्यावर टीका झाली, वाचक तुटले आणि १८४९ मध्ये ते दैनिक बंद पडले. संस्था मात्र चालू राहिली.

फ्रेडरिकची प्रकृती आधीपासून नाजूक होती. मूत्रपिंडाच्या विकाराने तो खंगत गेला. १८५२ साली ताप अंगात असताना, विद्यार्थी वाट पाहत आहेत हे कळल्यावर तो अंथरुणातून उठून वर्गात गेला. ते त्याचे शेवटचे व्याख्यान ठरले. हवापालटासाठी तो इटलीत गेला, तर तिथेही संस्थेच्या शाखांना भेटी देत राहिला. परतताना मार्सेय बंदरात ८ सप्टेंबर १८५३ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, त्याने देह ठेवला. वय अवघे चाळीस. पॅरिसमधील एका चर्चच्या तळघरात त्याची कबर आहे. २२ ऑगस्ट १९९७ रोजी, जागतिक युवा दिनाच्या वेळी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये त्याला धन्यवादित घोषित केले.

प्रियजनहो, आता आपल्याकडे वळू या. आपला भागही आता श्रीमंत म्हटला जातो. वाड्या गेल्या, इमारती आल्या, दारात गाड्या आल्या. अशा ठिकाणी भूक दिसत नाही, कारण ती चांगले कपडे घालून मिस्साला येते. मी माझीच एक गोष्ट कबूल करतो. या पॅरिशमध्ये आल्यावर पहिल्या वर्षी मी पास्काच्या काळात घरांना आशीर्वाद द्यायला फिरत होतो. एका घरी बाईंनी मला थंड पेय आणि केक दिला. मी तो आनंदाने खाल्ला, प्रार्थना म्हटली आणि पुढे गेलो. नंतर सोसायटीच्या एका सभासदाकडून कळले की त्या घरात दोन आठवडे गॅस नव्हता आणि माझ्यासाठीचा केक उधारीवर आणला होता. मी त्या घरात दहा मिनिटे होतो आणि मला काहीच दिसले नाही. तो सभासद मात्र महिन्यातून एकदा तिथे बसत होता, म्हणून त्याला दिसले.

ती बाई चर्चच्या पायऱ्यांवर पिशवी घ्यायला येईल का? मला वाटते, येणार नाही. आणि आली तर फोटोत तिचा चेहरा कसा दिसेल, याचा विचार करून पाहा. वेळ वाचेल हे खरे आहे. पण जो वेळ वाचेल तोच तर आपण त्या घराला देत होतो.

निर्णय कौन्सिलने एकत्र बसून घ्यायचा आहे आणि मी तो एकट्याने लादणार नाही. सभासद थकले आहेत ही अडचणही खरी आहे. पण ती आपण वेगळ्या मार्गाने सोडवू शकतो. सभासद थोडे आहेत, म्हणून घरभेटी बंद कराव्यात, की घरभेटी आहेत म्हणून सभासद वाढवावेत? बेली यांच्या कचेरीत पहिल्या दिवशी सातच जण होते आणि त्यांतील सहा कॉलेजची मुले होती. आपल्या युवकांपैकी कोणी पुढे येईल का? जोडीजोडीने जायचे आहे, महिन्यातून दोन संध्याकाळी, आणि शिधा उचलायला मी स्वतःही येईन. ज्यांना यायचे आहे त्यांनी आज मिस्सानंतर सोसायटीच्या अध्यक्षांकडे नाव द्यावे.

आणि ज्यांच्या घरी या महिन्यात अडचण आहे, त्यांनी संकोच न करता मला किंवा सोसायटीच्या कोणत्याही सभासदाला सांगावे. आम्ही तुमच्या घरी येऊ. केकची गरज नाही.

धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम, आमच्यासाठी विनंती कर.

तुमचा,
धर्मगुरू